मराठी चॅनल बंद होतं ते वर्ष

ही गोष्ट माझ्या तोंडून आजवर बाहेर पडलेली नाही. ह्यांच्यापाशी नाही, मुलांपाशी नाही, धारला माहेरी जाते तिथंही नाही. तुम्हाला का सांगते आहे, तेही नीट कळत नाही. तुम्ही मला ओळखत नाही — म्हणून असेल.

वरवर पाहिलं तर हे डिश टीव्हीवरून झालेलं भांडण आहे. देवासला आमच्या कॉलनीत तेव्हा अशी भांडणं पुष्कळ चालायची. बॉक्स बिघडला की कंपनी तो बदलून द्यायची, आणि बदलून दिला म्हणून करार दोन वर्षं पुढे ढकलायची. लोक म्हणायचे, आम्हाला विचारलंच नाही. कंपनी म्हणायची, विचारलं होतं. कुणाचं खरं, कोण जाणे. पण आमच्या घरापुरतं खरं काय ते मला माहीत होतं. फक्त मलाच.

थांबा, आधी आईंचं सांगायला हवं. आई म्हणजे माझ्या सासूबाई.

सासरे गेल्यावर ह्यांनी आईंना जळगावहून इकडे आणलं. हे इथल्या कारखान्यात नोकरीला, घर कॉलनीत, आजूबाजूला सगळं हिंदी आणि माळवी. आईंना हिंदी थोडंफार कळायचं, बोलायची मात्र लाज वाटायची. शेजारच्या बायका ओट्यावर लसूण सोलत बसायच्या. आई दारातून त्यांच्याकडे बघून हसायच्या आणि आत यायच्या. आमची मुलं हिंदी शाळेतली. आजीनं मराठीत काही विचारलं तर उत्तर हिंदीत यायचं. केबलवाल्याकडे मराठी चॅनल नव्हतं. म्हणून ह्यांनी डिश बसवून घेतली — खास आईंसाठी.

आणि आई एकदम वेगळ्याच झाल्या. संध्याकाळ झाली की केस विंचरून, पदर नीट करून टीव्हीसमोर बसायच्या. मालिकेतल्या सुनांना रागवायच्या, बातम्या वाचणाऱ्या मुलीच्या साडीला नावं ठेवायच्या. घर भरल्यासारखं वाटायचं. मग माझं काय बिघडलं होतं?

सांगते. मी धारची. आमचे पूर्वज मराठे राजांबरोबर तिकडे गेले आणि तिकडचेच झाले. आमच्या घरची मराठी जुन्या वळणाची, आणि त्यात हिंदी कधी मिसळली ते आम्हालाही कळलं नाही. मी म्हणायचे, "खिडकी लावा, हवा येऊन राहिली आहे." आई टीव्हीकडे हात करून म्हणायच्या, "ऐक जरा, ती कशी बोलते ते. वारा येतोय, असं म्हणावं." पाहुणे आले की हमखास सांगायच्या, "आमच्या सूनबाईंची मराठी अर्धी पोथीतली, अर्धी बाजारातली." सगळे हसायचे. हे हसायचे. मीही हसायचे.

एवढंच? हो, एवढंच. ह्यापेक्षा मोठा जाच त्यांनी मला कधी केला नाही. हे मुद्दाम सांगते आहे, म्हणजे तुमचा गैरसमज व्हायला नको.

एका उन्हाळ्यात वीज गेली, आली, पुन्हा गेली, आणि बॉक्स जळाला. हे कामावर होते. कंपनीनं मेकॅनिक पाठवला — दिनेश नावाचा, राजगढचा, सभ्य माणूस. नवा बॉक्स हातात धरून तो म्हणाला, "भाभीजी, ये लगेगा तो करार दो साल आगे बढ़ जाएगा. भिया से पूछ लो एक बार." भिया म्हणजे हे. मी सगळं ऐकलं. मला सगळं कळलं. आतून आई विचारत होत्या, मालिकेच्या आधी होईल ना गं? मी म्हटलं, "पूछना क्या, लगा दो." त्यानं लावला. ह्यांना मी फक्त बॉक्स बदलला एवढंच सांगितलं. बाकीचं राहून गेलं. खरंच राहून गेलं — इथपर्यंत माझ्या मनात काही नव्हतं.

पुढं काही महिन्यांनी ह्यांनी ठरवलं, ही डिश काढायची आणि दुसऱ्या कंपनीची घ्यायची. तिच्यावर मराठी चॅनल जास्त होती. हेही आईंसाठीच. तेव्हा कंपनीनं सांगितलं, बॉक्स बदलताना तुमचा करार वाढला आहे. सोडायचं असेल तर राहिलेल्या सगळ्या काळाचे पैसे भरा. हे फोनवर इतके ओरडले की शेजारीण दारात आली. फोन आपटून माझ्याकडे वळले. "त्या मेकॅनिकनं तुला काही सांगितलं होतं?"

मी म्हटलं, "नाही."

का म्हटलं? चेहरा लालबुंद झाला होता त्यांचा. शेजारीण उभी होती. मूर्ख ठरण्याची भीती, दुसरं काय. एका शब्दाचं काम होतं — आणि दुसऱ्या दिवशी तो शब्द कारखान्यात, कॉलनीत, सगळीकडे पोचला होता. "माझ्या बायकोला एका अक्षरानं सांगितलं नाही!" मग दिनेशला घरी बोलावणं गेलं. तो आला, चपला बाहेर काढल्या, मला म्हणाला, "भाभीजी, मैंने बोला था ना आपको?" मी म्हटलं, "मुझे तो याद नहीं, भैया." तो माझ्याकडे बघत राहिला. ह्यांनी त्याला खूप बोलून घेतलं आणि तो चपला घालून निघून गेला.

ह्यांनी ग्राहक मंचात तक्रार केली. कंपनीनं बॉक्स बंद करून टाकला. हे म्हणाले, निकाल लागेपर्यंत दुसरी डिश नाही. घेतली तर आपण माघार घेतली असं होईल. मुलं कुरकुरली म्हणून केबल पुन्हा आली, हिंदीवाली. आई तिच्यासमोर बसायच्या. सुरुवातीला मुलांना विचारायच्या, काय म्हणाला रे तो? मुलं म्हणायची, "आजी, बाद में." मग त्यांनी विचारणं सोडलं.

आता ते सांगते, जे सांगायला इतकी फिरते आहे.

एका दुपारी इंदूरहून कंपनीच्या ऑफिसमधून फोन आला. मुलगी गोड बोलत होती. म्हणाली, मॅडम, वाढवलेला करार आम्ही रद्द करतो, तुम्ही तक्रार मागे घ्या, आज संध्याकाळी चॅनल चालू होईल. तुम्ही हो म्हणा, नाहीतर साहेबांना फोन करायला सांगा. एवढंच करायचं होतं. ह्यांना निरोप द्यायचा होता. त्यात माझं खोटंही उघडं पडणार नव्हतं. सगळं मिटत होतं.

आई समोर खुर्चीवर बसल्या होत्या, टीव्ही बंद, हात मांडीवर.

मी म्हटलं, "साहब नहीं मानेंगे. दुबारा फोन मत करना."

"कोण होतं गं?" आईंनी विचारलं.

"राँग नंबर."

ह्या वेळी भीती नव्हती. हे समजून घ्या. ते चॅनल गेल्यापासून आईंनी माझी एकही चूक काढली नव्हती. पाहुण्यांसमोर गप्प बसायच्या. भाजी काय करू, असं मी विचारलं तर म्हणायच्या, तुला वाटेल ती कर. त्या घरात मी पहिल्यांदा मोठी झाले होते — आणि मला ते आवडलं होतं. मला ते चॅनल परत नको होतं. घरात त्यांच्याशी मराठीत बोलायला रिकामी अशी मीच होते. मी बोलले का? कामापुरतं.

निकालाचं आताच सांगून टाकते. तो आमच्या बाजूनं लागला. पण फार उशिरा. तोवर आई नव्हत्या. ह्यांनी निकालाची प्रत त्यांच्या फोटोसमोर ठेवली आणि लहान मुलासारखे रडले. मी पाठीवर हात ठेवला. तेव्हा बोलता आलं असतं. नाही बोलले.

पण मला रात्रंदिवस आठवतं ते त्या आधीचं. हिवाळ्यात आई हिंदी बोलू लागल्या. कुणी सांगितलं नव्हतं. मुलांनी जवळ बसावं म्हणून असेल. "बेटा, इधर आना, मेरे को कहानी बताओ." मुलं हसायची, पण बसायची. एकदा ओट्यावरच्या बायका घरात आल्या होत्या, आणि आई म्हणाल्या, "बहू, मेरे को प्यास लगा है." मी सगळ्यांसमोर म्हटलं, "लगा नाही, आई. लगी." बायका हसल्या. आईही हसल्या. मला किती बरं वाटलं, तुम्हाला सांगू शकत नाही.

मग त्यांना न्यूमोनिया झाला. दवाखान्यातून घरी आणलं तेव्हा डॉक्टरांनी फारशी आशा ठेवली नव्हती. सकाळची वेळ, हे औषधं आणायला गेलेले, मुलं शाळेत. खोलीत आम्ही दोघीच. आईंनी डोळे उघडले, ओठ ओले करायचा प्रयत्न केला आणि अगदी हळू, एकेक शब्द जोडत म्हणाल्या, "प्यास... लगी है."

आणि बरोबर म्हटलं का, ते बघायला माझ्या तोंडाकडे पाहिलं.

मी चमच्यानं पाणी पाजलं. मराठीत एक शब्द बोलायला हवा होता. कुठलाही. मला सुचला नाही. मी पाणी पाजत राहिले, आणि त्या माझ्याकडे बघत राहिल्या.