हळू वाजणारा अ‍ॅम्प्लिफायर

सत्तावन्न साली लिओनार्डने माझं डोकं खाल्लं. आमच्या मरोळ गावठाणात रेडिओ दुरुस्त करणारा मी एकटाच, आणि तो घाटकोपरच्या कारखान्यात वीस वर्षं पत्रा ठोकणारा. चाळिशीत त्याला इलेक्ट्रिक गिटारचं वेड लागलं.

"मार्कस, मला हळू वाजणारा अ‍ॅम्प्लिफायर पाहिजे," तो म्हणाला. "नीट जमेपर्यंत कुणाला ऐकू जाता कामा नये."

मी जुन्या रेडिओतून लहानसा बनवून दिला. त्याने बटण शेवटपर्यंत पिळलं आणि तार छेडली. भिंतीवरची तसबीर थरथरली.

"झकास! एकदम हळू रे!"

मी तोंड उघडणार, तेवढ्यात मागे उभ्या त्याच्या बायकोने, पर्पेच्युआने, ओठांवर बोट ठेवलं. पत्रा ठोकून ठोकून त्याचे कान गेले होते, आणि ते त्याला सोडून सगळ्यांना माहीत होतं.

मग रोज संध्याकाळी दारं-खिडक्या लावून तो लग्नाचं एकच गाणं वाजवायचा. मध्येच उठून दार किलकिलं करायचा, कुणी ऐकत नाही ना बघायचा, पुन्हा बसायचा. तिसऱ्या ओळीवर हमखास अडखळायचा. पलीकडे माझ्या दुकानात मी वैतागून हातातला पाना आपटायचो.

पुतणीच्या लग्नात त्याने मांडवात पहिल्यांदा वाजवलं. सगळं गावठाण गाऊ लागलं आणि तिसऱ्या ओळीवर सवयीने थांबलं. त्या दिवशी तो मात्र अडखळला नाही. एकटाच पुढे गेला, मग मान वर करून आमच्या मिटलेल्या तोंडांकडे बघत राहिला.

"कधीपासून?" त्याने बायकोला विचारलं.

ती त्याच्या कानात ओरडली, "पहिल्या दिवसापासून!"