फहदची सीट

"सीट को हाथ नहीं लगाने का," अबू फहद म्हणाले.

मी तेव्हा गाडीत अर्धा आत, अर्धा बाहेर होतो. पाना सीटच्या बोल्टवर लावलेलाही होता. मी वैतागून डोकं बाहेर काढलं. गाडी आपण दुरुस्तीला आणायची आणि मेकॅनिकने हात कुठे लावायचा तेही आपणच सांगायचं, अशा गिऱ्हाइकांची मला पहिल्यापासून चीड आहे.

"माझा पाय क्लचला पुरत नाही," मी हिंदीत म्हणालो. "सीट पुढे घेतल्याशिवाय गाडी चालवून कशी बघू?"

"चलाने का नहीं. सिर्फ चालू होना मंगता."

हे कुवेतमध्ये, अर्दियाच्या इंडस्ट्रियल एरियातल्या आमच्या गॅरेजमध्ये घडलं. इराकी फौज कुवेत सोडून गेली त्याला दोनेक वर्षं झाली होती. मी चिपळूणचा, आयटीआय केलेला मोटर मेकॅनिक, तिथे नव्यानेच फोरमन झालो होतो. अबू फहद साठीकडे आलेले, बुटके, हातात कायम जपमाळ. त्यांच्या वडिलांचा मुंबईत मोत्यांचा व्यापार होता, त्यामुळे बालपण मुंबईत गेलेलं. आमच्याशी ते अस्सल मुंबईचं हिंदी बोलायचे.

गाडी स्टॉक कार होती. म्हणजे शोरूममधून निघालेली साधी दोन दारांची अमेरिकन गाडी, पण आतली गादी, कार्पेट, मागची सीट सगळं काढून टाकलेलं, आणि उलटली तर ड्रायव्हर चिरडू नये म्हणून आत लोखंडी पाइपांचा पिंजरा ठोकलेला. अशा गाडीची सीट पुढे-मागे सरकत नाही. ड्रायव्हरला बसवतात, त्याच्या पायांचं माप घेतात आणि सीट तिथेच बोल्टने जमिनीला आवळून टाकतात. मग ती गाडी त्या एकाच माणसाच्या मापाची होते. ही गाडी फहदच्या मापाची होती. फहद म्हणजे त्यांचा थोरला मुलगा, चांगला उंच.

युद्धाआधी फहद दर शुक्रवारी वाळवंटातल्या ट्रॅकवर रेस करायचा. फौज आल्यावर एका चेकपोस्टवर त्याला उतरवून घेतलं आणि बसमध्ये घालून उत्तरेला नेलं, असं बघणाऱ्यांनी सांगितलं. त्यानंतर काही कळलं नाही. गाडी गोदामात पोत्यांच्या मागे लपवलेली होती. सैनिकांना ती सापडली, पण चाकं, बॅटरी आणि काचा घेऊन ते निघून गेले. उरलेला सांगाडा अबू फहदनी क्रेनवर टाकून आमच्याकडे आणला होता.

तिथे माणसाला त्याच्या थोरल्या मुलाच्या नावाने हाक मारतात. अबू फहद म्हणजे फहदचा बाप. मुलगा बेपत्ता झाला तरी भाजीवाल्यापासून बँकेतल्या क्लार्कपर्यंत सगळे त्यांना दिवसभर त्याच नावाने हाक मारत. सुरुवातीला मला ते फार क्रूर वाटायचं. पुढे ते माझ्याही तोंडात बसलं.

"फहद आएगा, चावी लगाएगा," ते म्हणाले. "एक झटके में चालू होना. बस, इतना काम."

"कब आएगा?" मी बावळटासारखं विचारलं. शेजारी आमचा पेंटर सदा उभा होता. त्याने माझ्या पायावर पाय दिला.

"आएगा," अबू फहद म्हणाले.

ते गेल्यावर सदा माझ्यावर उखडला. तो कुडाळचा, हवल्लीत आम्ही एकाच खोलीत राहायचो. "मेल्या, तुका अक्कल आसा काय? बापाक असा विचारतत?" मग गाडीभोवती एक फेरी मारून म्हणाला, "रंग मी लावतंय. पण ही चालवतलो कोण?"

त्या प्रश्नाचं उत्तर आम्हा दोघांनाही माहीत होतं. आम्ही कामाला लागलो.

लोकांना वाटतं, चालवली नाही तर गाडी नवी राहते. साफ चूक. उभी गाडी चालत्या गाडीपेक्षा लवकर मरते. पेट्रोल शिळं होऊन त्याचा डिंक होतो आणि कार्बोरेटरची भोकं बुजतात. रबरी सील सुकतात. टायर एकाच जागी दबून चपटे होतात, म्हणून आम्ही ती लोखंडी घोड्यांवर, म्हणजे स्टँडवर, चढवून ठेवायचो. इंजिनातलं ऑइल खाली उतरतं आणि आतलं लोखंड उघडं पडतं. टाकीत पेट्रोल मी थोडंच ठेवायचो, ताजं. अधूनमधून इंजिन हाताने फिरवायचो. सुरू करताना सीटच्या कडेवर टेकायचो, मागे सरकून बसायचो नाही. दुसऱ्याच्या सीटवर बसायचं नाही, असा रेसवाल्यांचा अलिखित नियमच होता.

दर हिवाळ्यात कार शो असायचा. ट्रॅकजवळच्या मोकळ्या मैदानात सगळे आपापल्या गाड्या बॉनेट उघडून लावायचे. पांढरे पायघोळ दिशदाशे घातलेली पोरं हातात फडकी घेऊन क्रोम पुसत असायची, कुणीतरी चहाची किटली फिरवायचा. संध्याकाळी शो संपताना सगळ्या गाड्या एकदम सुरू करायची प्रथा होती. जमीन हादरायची. त्या आवाजात उभं राहणं हा माझ्या धंद्यातला सगळ्यात मोठा आनंद होता, हे कबूल करतो.

आमची निळी गाडी, पांढऱ्या टपाची, क्रेनवरून नेलेली, ओळीत पहिली असायची. डिकीवर फहदचा फोटो. अबू फहद टपावर तळहात ठेवून उभे राहायचे. मी खिडकीतून हात घालून चावी फिरवायचो. इंजिन पेटलं की टप थरथरायचा आणि ते मला मान हलवून दाखवायचे.

पहिली काही वर्षं फहदचे मित्र गाडीभोवती कोंडाळं करायचे. त्याच्या खोड्या सांगायचे, म्हाताऱ्याच्या कपाळाचं चुंबन घ्यायचे. मग त्यांची लग्नं झाली, पोटं सुटली, रेसच्या गाड्या विकून त्यांनी कुटुंबाला पुरतील अशा मोठ्या गाड्या घेतल्या. एकेक जण यायचा बंद झाला. नव्या पोरांना फहद कोण ते माहीत नव्हतं. एका वर्षी एकाने चक्क विचारलं, "विकायची आहे का?" अबू फहद त्याला अरबीत शांतपणे म्हणाले, मालक बाहेरगावी आहे.

मला त्या पोराच्या कानाखाली वाजवावीशी वाटली. पण त्याचं तरी काय चुकलं?

बगदादचं सरकार पडलं त्याच्या आधीच्या हिवाळ्यात ते घडलं. शो संपत आला होता, सगळ्या गाड्या गरजायला लागल्या. मी चावी फिरवली. काही नाही. पुन्हा फिरवली. खोकल्यासारखा एक आवाज झाला आणि बंद. तिसऱ्यांदा पेटली. एवढ्या कल्लोळात कुणाच्या लक्षातही आलं नाही. पण अबू फहदचा हात टपावर होता. त्यांना कळलं.

गाड्या शांत झाल्यावर ते जवळ आले. "आज अगर वो आता?" एवढंच विचारलं.

दुसऱ्या दिवशी इंजिन उतरवून खोललं. उभ्या इंजिनात एखादा व्हॉल्व्ह कायम उघडा राहतो. त्यातून समुद्राची दमट हवा आत जाऊन एक सिलिंडर गंजला होता. मी सगळं नव्याने बांधलं. नवे पिस्टन, नव्या रिंगा. इंजिन झालं झकास, पण आता एक अडचण होती. नव्या रिंगा सिलिंडरला घासून बसाव्या लागतात. त्यासाठी गाडी रस्त्यावर, लोडवर, म्हणजे इंजिनावर भार टाकून, चालवावी लागते. त्याला रन-इन म्हणतात. नुसतं उभ्या उभ्या चालवत ठेवलं तर सिलिंडर आतून काचेसारखे गुळगुळीत होतात, रिंगा कधीच बसत नाहीत, आणि नवं इंजिन ऑइल पीत पीत वाया जातं.

"अब चलाना पड़ेगा," मी अबू फहदना सांगितलं. "खाली खड़ा रखके चलाया तो खराब होगा. सीट आगे लेनी पड़ेगी."

त्यांच्या बोटांतले मणी सरकत राहिले. "सोचके बताता."

काही आठवड्यांनी मी पुन्हा सांगितलं. तोवर सीमेवर अमेरिकन फौज जमली होती. आम्ही विषारी गॅसच्या भीतीने खोलीच्या खिडक्यांना चिकटपट्ट्या लावून बसलो होतो. मग लढाई झाली, बगदाद पडलं, आणि एका सकाळी अबू फहद गॅरेजमध्ये जवळजवळ धावतच आले.

"अब तुम नहीं चलाएगा!" ते हसत होते. इतक्या वर्षांत मी त्यांना पहिल्यांदाच तसं हसताना पाहिलं. "जेल खुल रहा है. फहद खुद चलाएगा. रन-इन वो करेगा!"

तेव्हा सगळ्या कुवेतला तसंच वाटत होतं. कैदी परत येणार. मलासुद्धा वाटलं. सदाने न सांगता गाडीला नवा कोट मारला, मी नवे टायर चढवले. अबू फहद रोज येऊन गाडीला फेरी मारायचे. "उसका बाल भी सफेद हुआ होगा," म्हणायचे. आणि स्वतःच हसायचे.

जेल उघडले. त्यांत आपलं कुणी नव्हतं. मग बातम्या यायला लागल्या की इराकच्या वाळवंटात माणसं पुरलेले खड्डे सापडताहेत. घरच्यांच्या रक्ताचे नमुने घेऊन सापडलेली हाडं ताडून बघताहेत. अबू फहद यायचे बंद झाले. सदा मात्र रोज सकाळी आल्याबरोबर गाडीवरची धूळ पुसायचा.

शेवटी त्यांच्या पुतण्याचा फोन आला. फहद सापडला होता. ज्या वर्षी नेला त्याच वर्षी मारलेला. म्हणजे आम्ही पहिला स्पार्क प्लग लावला तेव्हाही तो नव्हता. आम्ही त्यांच्या घरी जाऊन, रांगेत उभ्या असलेल्या पुरुषांशी हात मिळवून आलो. अबू फहदनी माझा हात धरला, पण ओळखलं की नाही कोण जाणे.

दफन होऊन काही दिवस गेले आणि ते गॅरेजमध्ये आले. सरळ गाडीपाशी गेले.

"सीट आगे लो."

"अबू फहद, आज रहने दो," मी म्हणालो.

त्यांनी हात डोक्याच्या वर नेऊन उंची दाखवली. "फहद लंबा था." मग दोन्ही हात छातीसमोर धरले. मधलं अंतर एखाद्या शिवणयंत्राच्या पेटीएवढं. "जो दिया, वो इतना था."

"सीट आगे लो," ते पुन्हा म्हणाले.

मी पाना लावला. बोल्ट हलेना. सगळी गाडी आम्ही तळहातावरच्या फोडासारखी जपली होती, पण सीटला हात लावायचा नाही असा हुकूम होता, म्हणून तिथे कधी तेलाचा थेंब पडला नव्हता. चारही बोल्ट गंजून बसले होते. शेवटी ग्राइंडरने कापावे लागले. कापताना मी त्यांच्याकडे पाहिलं नाही. मग सीट पुढे घेऊन नवे ब्रॅकेट मारले.

गाडी घोड्यांवरून उतरवली. अबू फहद दिशदाशा आवरत पिंजऱ्याच्या पाइपांमधून आत शिरले आणि बसले. पाय क्लचला पुरला. त्यांनी चावी फिरवली.

इंजिन पहिल्या झटक्यात पेटलं.

मला वाटलं, आता गिअर टाकतील. सदाने शटर पूर्ण वर केलं, समोरची एक व्हॅन बाजूला घ्यायला लावली. ते नुसते बसून राहिले. दोन्ही हात स्टिअरिंगवर, नजर बाहेरच्या रस्त्यावर. इंजिन उभ्या उभ्या चालू. तसं चालवलं की ते खराब होतं, हे मी त्यांना दोनदा सांगितलं होतं. तिसऱ्यांदा सांगितलं नाही.

टाकीत नेहमीसारखं थोडंच पेट्रोल होतं. ते संपेपर्यंत ते बसले. इंजिन अडखळलं, दोन आचके दिले आणि आपोआप बंद पडलं. सदा कोपऱ्यात तोंड फिरवून उभा होता. थोड्या वेळाने अबू फहद बाहेर आले, चावी माझ्या हातात दिली आणि माझ्या खांद्यावर थोपटलं.

"एक झटके में चालू हुआ," ते म्हणाले. "शाबाश."

मला तिथेच रडू कोसळलं. आयुष्यात कामाबद्दल इतकं कौतुक कुणी केलं नव्हतं, आणि ते मला नको होतं.

ते पुन्हा गॅरेजला आले नाहीत. त्या हिवाळ्याच्या शोला आम्हीही गेलो नाही. पुढे पुतण्याचा निरोप आला, गाडी स्क्रॅपला द्या. काका म्हणाले, विकायची नाही, दुसरं कुणी त्या सीटवर बसायला नको. मी म्हटलं, इंजिन नवं आहे हो. तो म्हणाला, माहीत आहे.

क्रेनवाला पठाण होता. गाडीला साखळी लावता लावता त्याने विचारलं, "चालू है क्या?"

"चालू है," मी म्हणालो. त्याने करून बघितली नाही.

आता मी चिपळूणला असतो. गॅरेज नाही, पण लोक विचारायला येतात. परवा एक गुरुजी आले होते. गाडी वर्षभर उभीच राहणार आहे, काय करू? मी सगळ्यांना सांगतो तेच त्यांना सांगितलं. विका, नाहीतर कुणाला तरी चालवायला द्या. उभी गाडी कुणासाठी थांबत नाही.

"छे हो," गुरुजी म्हणाले. "मुलगा दुबईला असतो. तो आला की त्याला लागते."

मग मी त्यांना बॅटरीची वायर काढून ठेवायला सांगितलं आणि त्यांच्यासाठी चहा टाकायला उठलो.