बाबांचा अंगठा

फौजेतून हवालदार म्हणून निवृत्त झालेल्या माझ्या वडिलांना घाबरलेलं मी कधीच पाहिलं नव्हतं. गेल्या वर्षी त्यांच्या एमआरआयसाठी आम्ही सदाशिव पेठेत गेलो. यंत्राच्या बोगद्यात डोकं जाताच ते ओरडले, "बाहेर काढा मला!" तंत्रज्ञाने त्यांना लगेच बाहेर काढलं.

बाहेर बसल्यावर ते हळूच म्हणाले, "तरुणपणी सीमेवर आमचा बंकर बर्फाखाली गाडला गेला होता. माझा जोडीदार आतच गेला. तुझ्या आईला हे कधी सांगितलं नाही. मी ड्यूटीवर असताना तिला झोप लागली नसती."

मी परवानगी काढून त्यांच्यासोबत आत थांबले. "बाबा, तुमच्या पायाचा अंगठा धरून ठेवते."

यंत्र धडधडू लागलं. सुरुवातीला अंगठा कापत होता, मग एकदम थांबला. पाय गार लागला. मी घाबरून अंगठा दाबला. काहीच झालं नाही. पुन्हा जोरात दाबला, तेव्हा कुठे त्यांनी तो हलवला.

रिक्षात ते एवढंच म्हणाले, "केवढ्यानं दाबलास!"

रिपोर्टमध्ये काळजीचं काही निघालं नाही. तरी ते दुपारी झोपले की मी जाऊन त्यांचा श्वास बघून येते.