भावोजींच्या चाकूचा पहिला काप

गळ्याला फास आवळत होता, हातात चाकू होता, आणि मी तो चाकू खाली पडू नये म्हणून जपून दुसऱ्याच्या हाती दिला. माझ्या आयुष्यातल्या मूर्खपणांत पहिला नंबर याचाच, आणि स्पर्धेला उमेदवार कमी नव्हते. नातवंडांना सांगितलं की ती हसतात, "आजी, फेंक मत!" तुम्हीही तेच म्हणाल, कारण तुम्ही भावोजींना ओळखत नव्हता.

भावोजी म्हणजे माझ्या नवऱ्याचे थोरले भाऊ. धुळ्याकडचे, बँकेच्या नोकरीपायी सुरतेत आले आणि अडाजणला फ्लॅट घेऊन इथलेच झाले. ते घडीचे चाकू जमवत. तेही फक्त सांबरशिंगाच्या मुठीचे, आणि शिंगांच्या विक्रीवर बंदी येण्यापूर्वीचे. हे 'पूर्वीचे' ते न विचारता सांगत, जणू पोहे खायला आलेला माणूस वनखात्यातूनच आलाय.

रविवारी पोह्यांच्या बशा आल्या की कपाट उघडे. टीपॉयवर हिरव्या मखमलीची गुंडाळी उलगडे. ती मखमल मी शिवून दिली होती. प्रत्येक चाकूला वेगळा कप्पा, कप्प्यावर रेशमाने काढलेला आकडा. माझा मुलगा त्या दिवसांत शर्टाला टाचणी लावून शाळेत जायचा, कारण त्याचं बटण लावायला आईला सवड नव्हती.

"नखं नकोत. बोटांच्या पोटांनी धरा," भावोजी बजावत. मग प्रवचन. शिंगाची ती झाडाच्या सालीसारखी खरबरीत तपकिरी पाठ, पिढ्यापिढ्यांचे तळहात फिरून जिथे गुळगुळीत झाली तिथला हस्तिदंती उजाळा, दोन्ही टोकांना पितळी टोप्या. एका मुठीसारखी दुसरी नाही. पातं मिटताना टक् असा आवाज येई आणि ते डोळे मिटून म्हणत, "ऐकलंत? स्प्रिंग बोलली." पोहे तोवर गार. आजही कबूल करायला जिवावर येतं, पण चाकू खरोखर देखणे होते. मालक कोण मिळावा, हे काही चाकूच्या हातात नसतं.

त्यांचं एक ठेवणीतलं वाक्य होतं: "सांबर दरवर्षी शिंग टाकून देतं. माणसाला मात्र काही म्हणता काही टाकवत नाही." हे ते रद्दीच्या थप्प्यांमध्ये खुर्ची घालून म्हणत. मी शाळेत शिकवायचे. दुसऱ्या दिवशी हेच वाक्य सुविचार म्हणून फळ्यावर लिहिलं. खाली त्यांचं नावसुद्धा घातलं. अक्कल वाटत होते तेव्हा मी बहुधा गुंडाळी शिवत बसले असेन.

दुसरं वाक्य असं: "चाकू कापण्यासाठी नसतो, सुधा. कापायला विळी आहे." खरंच होतं. विळी होती, आणि विळीवर माई होत्या, म्हणजे माझ्या जाऊबाई. कपाटात चाकूंची ओळ लागलेली, आणि हा गृहस्थ दुधाची पिशवी दातांनी फाडायचा! कवळी बसल्यावर तेही काम माईंकडे गेलं.

तर तो दिवस. साड्या घ्यायला मी भावोजींच्या स्कूटरवरून मार्केटला गेले होते. परतताना त्यांनी बँकेच्या एका जुन्या खातेदाराकडून मनात भरलेला चाकू घेतला. त्याचं पातं म्हणे कधी वापरलंच नव्हतं. "खिशात किल्ल्या आहेत, ओरखडा पडेल," ते म्हणाले, "तू धर. दोन्ही हातांनी." मी देवाचा प्रसाद घ्यावा तसा घेतला. धुळीसाठी पदर डोक्यावरून घेऊन गळ्याभोवती वेढा दिला होता. त्याचं टोक एरवी मी मुठीत धरून बसते. त्या दिवशी मुठीत मानाचा पाहुणा होता.

पर्वत पाटियाच्या चौकात गर्दीमुळे स्कूटर हळू झाली, एवढंच माझं नशीब. पदराचं टोक मागच्या चाकात गेलं. मी सीटवर बसल्या जागी मागे ओढली गेले. स्कूटर अडकून थांबली. सुरतेचं पॉलिएस्टर, फाटेल तर शपथ. माणसं धावली. "अरे, बेननी साडी फसाई गई!" भावोजी उतरून माझ्याकडे बघायला लागले. माझ्या गळ्यातून शब्द निघत नव्हता, आणि जो एक निघाला तो असा: "चाकू... घ्या."

त्यांनी घेतला. रुमालात गुंडाळला. डिकीत ठेवला. डिकीला कुलूप लावलं.

मग चाक उलटं फिरवायला बसले. रस्त्याकडेला पापडीच्या शेंगा आणि पालेभाजी विकणारी एक खानदेशी बाई हे सगळं बघत होती. ती ओरडली, "ओ भाऊ, चाकू शे ना तुनाजोडे! काप ना! मरी जाई ती!" भावोजी म्हणाले, "थांबा हो, सुटतंय." बाई थांबली नाही. पालेभाजीच्या जुड्या कापायचा विळा घेऊन आली, माझ्या कानाखालून घातला आणि एका ओढीत पदर तोडला.

मी रस्त्यावर बसून खोकत होते. भावोजींनी तिच्या हातातला विळा घेतला, अंगठ्याने धार पाहिली आणि म्हणाले, "पोलाद हलकं आहे."

"हलकं शे, पन कापस ना!" बाईने विळा हिसकावून घेतला.

आणि मी काय केलं? खोकता खोकता भावोजींच्या बोलण्याला मान डोलावली. तिचे आभार मानायचे राहिले. नंतर दोनदा त्या चौकात शोधलं, ती दिसली नाही.

पुढची कित्येक वर्षं हा प्रसंग रविवारच्या प्रवचनात सामील होता. "सुधानं जिवावर उदार होऊन चाकू वाचवला! त्या पात्यानं जन्मात काही कापलेलं नाही. पहिला काप काय पॉलिएस्टरचा?" पाहुणे माझ्याकडे बघत आणि मी लाजत असे. वीरांगनेसारखी! माई तेवढ्यात बशा उचलून आत जात. मला वाटे, दिराने माझं कौतुक केलेलं त्यांना बघवत नाही.

भावोजी गेल्या वर्षी गेले. शेवटी माणसं ओळखेनासे झाले होते, पण मुठींना तेल लावलं का, हे विचारायचे. दिवस झाल्यानंतर काही आठवड्यांनी मी माईंकडे गेले. त्या स्वयंपाकघरात होत्या. ओट्यावर चहाचं आधण, दुधाच्या दोन पिशव्या आणि शेजारी उघडा पडलेला तोच चाकू. पात्यावर दुधाचे डाग, मुठीच्या खाचांत कणीक सुकलेली. माईंनी एका पिशवीचा कोपरा सर्रकन कापला. माझा हात आपोआप गळ्याकडे गेला. ते त्यांनी पाहिलं.

"त्या दिवशी घरी आल्यावर त्यांनी आधी चाकू पुसला, आणि मग मला सांगितलं की सुधा पडली होती," माई म्हणाल्या. "मी तेव्हाच ठरवलं होतं, हे गेले की याच चाकूनं रोज दुधाची पिशवी कापायची. अशी बघतेस काय? घे, दुसरी पिशवी तू काप. आणि धर नीट, नखं लागली तरी चालतील."