राहीबाईंनी मागितलं तेच

एस.टी.नं रहिमतपूर सोडून तासभर झाला होता. औंधच्या यमाईची टेकडी समोर दिसू लागली, तरी राहीबाईंच्या पिशवीतलं रिपोर्टचं पाकीट बंदच होतं.

"उघडा की आता," शकुंतलाबाई तिसऱ्यांदा म्हणाल्या. त्या निवृत्त शिक्षिका. शेजारीण म्हणून सोबतीला आलेल्या.

"आदी आईच्या पायाशी. मग तुमी वाचायचं. लय घाई बाई तुमाला!"

राहीबाईंचे मालक ट्रकवर होते. ते एच.आय.व्ही.नं गेले आणि जाताना राहीबाईंनाही देऊन गेले. त्याला अठरा वर्षं झाली. तेव्हापासून बाई लोकांच्या भाकऱ्या थापतात; त्यांनी लेकीला, शिवांजलीला, शिकवून सासरी पाठवलंय. संध्याकाळी दिवा लावला की देवाला हात जोडायचे आणि गोळी घ्यायची. एक दिवस चुकला नाही. पण आता त्याच गोळीनं मूत्रपिंडं कुरकुरायला लागली, म्हणून डॉक्टरांनी दुसरी, अबाकावीर नावाची, सुचवली. ती काहींच्या अंगाला जन्मतःच मानवत नाही. ताप येतो, पुरळ उठतं आणि जिवावरही बेततं. तसं जनुक अंगात आहे का, हे बघायला आधी रक्त तपासलं होतं.

"नवस बोललेय मी," राहीबाई चढ चढता चढता म्हणाल्या. "आई, ते जे काय रक्तात शोधत्यात ते माझ्यात असू दे, खणानारळानं ओटी भरीन."

शकुंतलाबाई जागीच थांबल्या. "अहो, ते नसायला पाहिजे! असलं तर गोळी बंद!"

"व्हय?" राहीबाईंनी पदर तोंडाला लावला. "मला वाटलं, ताकद बगत्यात. दवाखान्यातल्या मयूरी मॅडम सांगत व्हत्या तवा माझं ध्यान घरच्या पिठाच्या डब्याकडं!"

देवळात पाकीट देवीच्या पायाशी ठेवून उघडलं. इंग्रजी मजकूर शकुंतलाबाई अडखळत वाचत होत्या, पण खाली पेनानं मराठीत लिहिलं होतं: जनुक आढळले. अबाकावीर कधीही देऊ नये.

शकुंतलाबाईंनी ती ओळ पुन्हा वाचली. ही गोळी नाही, जुनी सोसत नाही, मग उरलं काय? त्यांनी पायरीवर बसून दवाखान्याच्या एच.आय.व्ही. केंद्रातल्या समुपदेशक मयूरीला फोन लावला.

"दुसरी आहे की, काकू," मयूरी म्हणाली. "सोमवारी घेऊन या. फक्त ही एक कधीच तोंडात जाऊ द्यायची नाही."

राहीबाई ऐकत होत्या. हसू आवरेना त्यांना. "मागितलं तेच दिलं बगा तिनं! चूक माझी, तिची न्हाई. आनि गोळी पोटात जायच्या आदीच सांगितलं." त्यांनी ठरल्याप्रमाणे ओटी भरली.

उतरताना त्यांनी दंडातला चांदीचा ताईत चाचपला.

"बाई, तुमचं अक्षर लय सुरेख. ही गोळी देऊ नका असं इवल्या कागदावर लिवून द्या, ह्यात घालीन."

"ताईत उघडून कोण बघणार? शुद्ध हरपली तर?"

राहीबाईंनी ताईत सोडून खांद्यावरची पिशवी पुढं ओढली.

"मग दोन लिवा. एक ताईतात, आनि एक पिशवीवर शिवीन, डॉक्टरला दिसंल असा. त्यावर नाव मोठ्ठं काढा बरं का. माझं न्हवं, गोळीचं."