पानाच्या कडेचे केस

कुमुदमावशी गेल्याचा फोन त्यांच्या लेकीने, अनघाने केला तेव्हा मी ऑफिसला निघाले होते. गाडी बाजूला घेतली आणि आधी आठवलं ते आमचं भांडण... वर्ष होत आलं, तरी मिटलं नव्हतं.

मावशी अमरावतीच्या कॉलेजात वनस्पतिशास्त्र शिकवायच्या. निवृत्तीनंतर अमेरिकेत प्लेनोला लेकीकडे आल्या आणि इथल्या एका कॉलेजच्या वनस्पतिसंग्रहात, जिथे वाळवलेली रोपं कागदावर चिकटवून नावासकट जपतात, हौसेने काम करू लागल्या. त्यांची ने-आण माझ्याकडे. हळूहळू मीही त्यांची शिष्या झाले. गेल्या उन्हाळ्यात संग्रहाच्या मंडळींबरोबर आम्ही कोलोरॅडोला गेलो. डोंगरावर झाडं संपतात त्याच्याही वर, वारा जिथे बर्फ टिकू देत नाही अशा खडीत, वीतभर उंचीचा एक झुबका होता. तपकिरी कणीस खाली झुकलेलं. सगळे गवत म्हणाले. मावशींनी गुडघ्यांवर बसून भिंग लावलं आणि सांगितलं, गवत नव्हे, हा गवतासारखा दिसणारा रश. मला मात्र पानाच्या कडेला लांब पांढरे केस दिसत होते. असे केस रशला नसतात, त्याच्या भावकीतल्या वुडरशला असतात, हे मावशींनीच शिकवलेलं.

"मावशी, केस आहेत. डोळे चेक करून घ्या ना, प्लीज."

सगळ्यांसमोर बोलायला नको होतं. मावशींचा चेहरा पडला. "आयुष्यभर हेच शिकवलंय मी," एवढंच म्हणाल्या आणि उपटलेल्या नमुन्याच्या चिठ्ठीवर 'रश' लिहून मोकळ्या झाल्या. वुडरशच्या बोंडात तीनच बिया असतात, रशच्या बोंडात पुष्कळ; पण बोंडं कच्ची होती, त्यामुळे बिया मोजून निकाल लावायचीही सोय नव्हती. परतीच्या लांबलचक ड्राइव्हमध्ये त्या झोपेचं सोंग घेऊन बसल्या. पुढे ने-आण अनघा करू लागली. हिवाळ्यात मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं, तेही तिच्याकडूनच कळलं. मी भेटायला गेले नाही. माझाही हट्ट काही कमी नव्हता.

परवा मावशींचं सामान आणायला अनघाबरोबर संग्रहात गेले आणि तो झुबका चिकटवलेला कागद मागितला. तिथली एक रीत आहे. नाव चुकलं तरी जुनं खोडत नाहीत; शेजारी नवी चिठ्ठी डकवतात, तिच्यावर बरोबर नाव आणि ते ओळखणाऱ्याचं नाव. 'रश'च्या शेजारी अशी एक चिठ्ठी होती. अक्षर मावशींचं. 'स्पाइक्ड वुडरश. पानांच्या कडेला केस.' अनघा म्हणाली, ऑपरेशननंतर आईने पहिल्यांदा इथेच आणायला लावलं होतं.

मला रागच आला. एक फोन करायला काय झालं होतं? मग खालची ओळ वाचली. ओळखणाऱ्याच्या जागी मावशींनी माझं नाव लिहिलं होतं, संपूर्ण, आडनावासकट.

"निघूया का?" अनघाने विचारलं. मला उठवेना.