बिनसहीचा कागद आणि वानखडे मॅडम

४ डिसेंबर, राळेगाव

गौरवग्रंथाच्या संपादकांची तीन पत्रे आली आणि मी एकालाही उत्तर दिले नाही. या लांबलेल्या मौनाबद्दल त्यांची मनापासून क्षमा मागतो. कारण पुढे येईलच.

प्रा. शालिनी वानखडे मॅडम यंदा पंचाहत्तर वर्षांच्या होत आहेत. त्यांना मी प्रथम पाहिले ते आमच्या कॉलेजच्या टिनाच्या छपराच्या वर्गात. कापसाची वाईट वर्षे होती. अशा दिवसांत मॅडमनी शिकवायला घेतल्या त्या भयाण भविष्याच्या कादंबऱ्या, जिथे सरकार माणसाच्या मनातही डोकावते.

"मॅडम, आत्ताच काय कमी हाय का?" विमल राठोड हिने पहिल्याच दिवशी विचारले.

"म्हणूनच," मॅडम हसून म्हणाल्या.

त्यांची एक रीत होती. प्रत्येक प्रकरण संपले की मुलांनी घरून एक छापील कागद आणायचा आणि तो कादंबरीसारखा वाचायचा. कोण बोलते आहे? काय सांगायचे टाळले आहे? खाली नाव कोणाचे?

विमलने बियाण्याच्या पाकिटातले पत्रक आणले. "अळी लागणारच नाही, असं लिवलं हाय. आमच्या तांड्यातल्या अळीनं हे वाचलंच नाही वाटते!" वर्ग खदखदून हसला. पत्रकावर शिक्का आमच्या दुकानाचा होता. वडील कृषी केंद्र चालवत.

त्याच आठवड्यात मी प्राचार्यांच्या टेबलावर चिठ्ठी ठेवली: वानखडे मॅडम मुलांना सरकारविरुद्ध भडकवतात. खाली नाव लिहिले नाही.

मॅडमना लेखी खुलासा द्यावा लागला. महिनाभर तो तास बंद राहिला. पुन्हा सुरू झाला त्या दिवशी त्यांनी ती चिठ्ठीच वाचून दाखवली.

"कोन हाय तो, धुंडून काढू का?" विमल उसळली.

"नको. असं धुंडायला लागलो की आपणच त्या कादंबरीत जाऊन बसू. ते राज्य पोलिसांपेक्षा अशा बिनसहीच्या कागदांवरच जास्त चालतं. संशय जरूर घ्या. पण खाली नाव लिहा."

दोन वर्षे माझ्या वह्या तपासलेल्या मॅडमना माझे अक्षर ओळखू आले नसेल? पुढे एम.ए.च्या प्रवेशासाठी त्यांनी मला शिफारसपत्र दिले. आईच्या आजारपणात दोनदा एसटीने घरी आल्या. दोन्ही वेळा मी आभार मानायचे सोडून त्यांचा चेहरा वाचत बसलो: यांना ठाऊक आहे का? आजही मला सांगता येत नाही. हा लेखही मला संशयास्पदच वाटतो. मी त्यांचा गौरव करतो आहे, की स्वतःची सुटका?

त्या कादंबऱ्यांमुळे वाईट राज्य ओळखता येते, हे कोणीही शिकवील. त्या राज्यातली चिठ्ठी माझ्याही हातून लिहिली जाऊ शकते, हे मला मॅडमच्या वर्गात कळले.

मॅडमचे डोळे आणि गुडघे त्यांना अजून पुष्कळ वर्षे साथ देवोत, आणि त्यांनी आमच्याकडे असेच कागद मागत राहावे.

उद्या: लेखाखाली पूर्ण नाव लिहून, संपादकांकडे देण्याआधी, दारव्ह्याला मॅडमच्या घरी जाऊन तो त्यांच्या हाती देणे.